चौकट बदलली तरी वाळवी परत येते तेव्हा

"मेस्त्री, चौकट तुम्हीच बसवलासा न्हवं? परत माती चढाय लागली की वो."

शहापुरातल्या एका आजींचा हा फोन. त्यांच्या न्हाणीच्या दाराची चौकट मी दोनच पावसाळ्यांमागं बदलली होती, तीही सागवानाची. जाऊन बघितलं तर नव्या चौकटीच्या उजव्या पायाला, अगदी जुन्याच जागी, बोटभर रुंद मातीची रेघ. चूक माझीच होती. मी लाकूड बदललं होतं. वाळवी त्याच पायाला का येते ते बघितलंच नव्हतं.

त्यानंतर बेळगावात, खानापूरकडं, निपाणीकडं अशी फिरून फिरून येणारी वाळवी बऱ्याच घरांत निस्तरली. आता करवत पिशवीतून काढायच्या आधी मी काय काय बघतो ते इथं लिहितोय. आधी फुकटचं, मग थोड्या खर्चाचं, आणि शेवटी जे सुताराच्याही हातचं नाही ते. (कन्नड बोलणारे शेजारी हिला गेद्दलु म्हणतात. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही शब्द चालतात.)

घरात काय दिसतं

सगळ्यात पक्की खूण म्हणजे मातीची नळी. चौकटीच्या कडेनं, भिंतीच्या कोपऱ्यातून, कपाटामागून पेन्सिलीएवढी जाड, खरखरीत, आजूबाजूच्या मातीच्याच रंगाची. खानापूरकडं ती लाल दिसते, पूर्वेकडच्या काळ्या रानातल्या घरांत करडी.

पण नळी दिसायच्या आधी लाकूड सांगत असतं. रंगाला फुगवटा येतो आणि अंगठ्यानं दाबला की कागदासारखा आत जातो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं तर खणखणीत आवाज यायच्या जागी बद्द आवाज येतो. भर उन्हाळ्यात दार घासायला लागतं. पावसाळ्यात सगळीच दारं फुगतात, त्याचं काही नाही, पण एप्रिलमध्ये घासायला लागलं तर बघा. भिंतीवरचा जुना फोटो काढायला जावं तर तो भिंतीला चिकटलेला, आणि मागचा पुठ्ठा गायब, त्या जागी मातीचा नकाशा.

आणि पंख. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्याभोवती झुंड येते, सकाळी फरशीवर पंखांचा खच. यातलं एक नीट समजून घ्या. हे किडे बाहेरून येऊन पडवीतल्या दिव्याखाली मेले असतील तर घाबरायचं कारण नाही, ते परसातल्या किंवा रानातल्या वारुळातून उडालेले असतात. तेच किडे तुमच्याच भिंतीच्या फटीतून, चौकटीच्या सांध्यातून बाहेर पडताना दिसले तर मात्र वाळवी घरात मुरलेली आहे. पंखांच्या मुंग्याही त्याच दिवसांत उडतात. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे. वाळवीची कंबर सरळ, मिशा सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे.

पहिलं: ही तीच वाळवी आहे का?

खर्च शून्य. बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या. खाली काय पडलंय ते आधी बघा, झाडू मारायच्या आधी.

माती असेल तर ती जमिनीतली वाळवी. आपल्याकडच्या दहातल्या नऊ घरांत मला हीच भेटते. खसखशीसारखे कोरडे, एकसारखे दाणे पडत असतील आणि मातीचा पत्ता नसेल तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती जमिनीशी संबंध न ठेवता त्याच खुर्चीत, त्याच पाटात राहते. आणि मैद्यासारखी मऊ पूड पडत असेल, लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर ती वाळवीच नाही, तो भुंगेरा आहे.

एवढी चिकित्सा का? कारण उपाय वेगळे. भुंगेऱ्यासाठी घराच्या जोत्यात औषध ओतणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी बांधणं. निपाणीच्या एका घरात जमिनीला भोकं पाडून औषध भरून घेतलं होतं, आणि पूड मात्र तशीच पडत होती. दोष एका दिवाणाच्या पायांत होता. पाय सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाचे होते. गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा तोंड लावत नाही, पांढऱ्याला लावते. सागवान म्हणून पैसे दिले म्हणजे सगळं सागवान सारखं असतं असं नाही.

आता स्क्रू ड्रायव्हर चौकटीच्या खालच्या वीतभर भागात हळू रोवून बघा. चांगल्या लाकडात टोक अडतं. खाल्लेल्या लाकडात ते खारीत गेल्यासारखं जातं. आत मऊ भाग खाल्लेला आणि कडक पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहिलेले दिसतील, मध्ये मातीचे लेप. चौकटीच्या तिन्ही बाजू अशा बघा आणि कुठवर पोकळ आहे तिथं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाका. या तारखेचा पुढं उपयोग आहे.

दुसरं: नळी चालू आहे की जुनी?

इथं बहुतेक लोक चूक करतात. नळी दिसली की झाडूनं सगळी खरवडून टाकतात आणि वर झुरळाचा स्प्रे मारतात. तसं करू नका. नळी हाच आपला माग आहे, तो पुसला की वाळवी कुठून येते ते कळायची सोय गेली. स्प्रेनं समोर आलेल्या तेवढ्या मरतात, बाकीच्या वासानं बाजूला वळतात आणि महिन्याभरात दुसऱ्या खोलीत निघतात.

त्यापेक्षा नळीच्या मधला फक्त इंचभर तुकडा मोडा. चालू असेल तर आत शिजलेल्या कणीसारखे पांढुरके किडे लगबगीनं पळताना दिसतील, त्यांत एखादा तांबूस डोक्याचा, मोठ्या जबड्याचा. तो राखणदार. शहापूरला मी हे करून बॅटरी आडवी धरून बसलो होतो. आधी मोडलेल्या तोंडाशी राखणदार आला, जबडा पुढं करून उभा राहिला. मग मागून एक कामकरी आला, तोंडातला ओल्या मातीचा कण कडेला लावला, डोक्यानं दाबला आणि वळून गेला. मग दुसरा. मग तिसरा. गवंडी थर लावतात तसंच. आजी म्हणाल्या, "तुमच्यापरास बरं काम करत्यात." मला हसू आलं, पण खोटंही नव्हतं.

आत कोणी नसेल तर चार दिवस थांबा. भगदाड बुजलं तर वाळवी चालू आहे. आठवडाभरात तसंच कोरडं राहिलं तर ती वाट सोडून दिलेली आहे, पण दुसरी वाट नाही ना, ते बघायचं राहतंच.

तिसरं: पाणी शोधा

माझ्या अनुभवात परत येणाऱ्या वाळवीचं उत्तर बहुतेक वेळा इथंच सापडतं, म्हणून इथं वेळ घाला.

या वाळवीचं अंग मऊ, कातडी पातळ. उघड्या कोरड्या हवेत ती फार वेळ टिकत नाही. मातीची नळी ती बांधते तीच ओल टिकवायला. म्हणजे जिथं भिंतीत बारमाही ओल, तिथं तिला रस्ता तयार. तुम्ही सागवान बसवा, नाहीतर ऐन बसवा (आपल्याकडं मत्ती म्हणतात ते), ओल आहे तोवर ती त्या जागेला विसरत नाही.

न्हाणीला लागून असलेली भिंत पहिली. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातलं सिमेंट निघालंय का? बेसिनखालचा पाइप रात्री हात लावून बघा, थेंब दिसत नाही पण हाताला लागतो. छपरावरच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी कुठल्या भिंतीवरनं उतरतं? एसीच्या पाइपचं तोंड जोत्यापाशी सोडलंय का? कौलारू घर असेल तर पन्हळ कुठं गळते ते आषाढात छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघा, उन्हात ते कळत नाही. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळाभर भिंती वाळतच नाहीत. तिथल्या चिऱ्याच्या, मातीच्या सांध्यांच्या भिंतींत तर वाळवी सांध्यांतून आतल्या आत चढते. बाहेर नळी दिसतच नाही, एकदम वाशाला माती दिसते.

ओल ओळखायची माझी साधी रीत: प्लास्टिकचा एक फूटभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला घाम आला तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आला तर ती हवेतली.

शहापूरला काय निघालं? न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला जाणाऱ्या पाइपचा सांधा. थेंब थेंब, भिंतीच्या आतल्या बाजूला. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. ते केलं असतं तर पहिली चौकटसुद्धा कदाचित वाचली असती.

चौथं: लाकूड, कागद आणि माती एकमेकांना कुठं टेकतात?

हेही फुकटचंच, फक्त कंबर मोडते. जिथं खाणं जमिनीला टेकतं तिथं वाळवीला नळी बांधायचीही गरज नाही, ती सरळ चढते.

परसात भिंतीला लावून रचलेलं जळण, पिंजराची गंजी, नारळाच्या शेंड्या, बांधकामातल्या उरलेल्या फळ्या. हे सगळं भिंतीपासून दोन-तीन हात लांब आणि दगडांवर उचलून ठेवा. जिन्याखालचे पुठ्ठ्याचे खोके, जुन्या वह्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे बघा. गणपतीच्या मखराचं सामान तर वर्षातून एकदाच हलतं, तिथं हमखास. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर चार बोटं पुढं ओढा, मागं बॅटरी जाईल एवढी जागा राहू दे.

"आमच्याकडं ग्रॅनाइटच्या चौकटी आहेत, आम्हाला काय व्हायचंय" असं टिळकवाडीतल्या एका नव्या घरात ऐकलं होतं. चौकटीला काहीच झालं नव्हतं. वाळवी स्कर्टिंगच्या मागून चढून वॉर्डरोबच्या पाठीत शिरली होती आणि लग्नातले शालू ठेवलेल्या खोक्यांपर्यंत पोचली होती. वॉर्डरोबचं प्लाय पाण्याला टिकणारं होतं, हे खरं. पण पाण्याला टिकणारं म्हणजे वाळवीला टिकणारं नव्हे. दुकानदार हे दोन्ही एका दमात सांगतो, तेव्हा वेगवेगळं विचारून घ्या.

पाचवं: घराबाहेर

जोत्याच्या कडेनं एक फेरी मारा. बागेच्या वाफ्यातली माती जोत्याच्या वर चढली असेल तर ती उतरवा. वीतभर तरी जोतं उघडं दिसलं पाहिजे, म्हणजे नळी चढली तर डोळ्याला दिसते. काळ्या मातीत उन्हाळ्यात जोत्यालगत फट पडते, ती वाळवीची आणि पाण्याची दोघांचीही वाट. तोडलेल्या झाडाचा बुंधा जमिनीत तसाच असेल तर मुळांसकट काढा.

आंबा-नारळाच्या बुंध्यावर मातीचा लेप दिसला म्हणून झाड गेलं असं नाही. बहुतेक वेळा ती वरची मेलेली साल खात असते, लेप पुसून काढला तरी पुरतं. लॉनमध्येही ती प्रामुख्यानं वाळलेलं गवत खाते. कापलेलं गवत उचला, पाणी सकाळी द्या. उसाच्या बेण्याला लागते ती गोष्ट वेगळी, चिकोडी-हुक्केरीच्या शेतकऱ्यांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि वारूळ. खानापूर भागात बऱ्याच परसांत आहे, नागपंचमीला बायका पुजतात, ते फोडा असं मी कुणाला सांगत नाही. नुसतं फोडून काही साधतही नाही, राणी खोल असते आणि वरचा ढिगारा महिन्याभरात परत उभा राहतो. वारुळात खरंच नाग असू शकतो, हेही विसरू नका. आणखी एक. पावसात वारुळावर जी अळंबी उगवते ती वाळवीनं आत पाळलेल्या बुरशीचीच. वारुळात कुणी औषध ओतलेलं असेल तर त्या जागची अळंबी पुढं खाऊ नका, आणि औषध ओतलंय हे शेजाऱ्यांनाही सांगा, कारण सकाळी पहिल्यांदा ती खुडायला कोण येईल ते सांगता येत नाही.

सहावं: आता चौकट

पाणी थांबलं, भिंत वाळली, मोडलेली नळी परत बुजली नाही, मगच लाकडाला हात लावा. भिंत वाळायला महिना-दोन महिने लागतात. गिऱ्हाइकाला घाई असते, पण मी आता थांबतो.

पोकळी खालच्या फूट-दीड फुटातच असेल तर अख्खी चौकट काढू नका. पोकळ भागाच्या वर वीतभर चांगल्या लाकडात तिरका काप घेऊन नवा तुकडा जोडता येतो. नव्या तुकड्याचा पाय फरशीत गाडायचा नाही, खाली दोन इंची ग्रॅनाइटचा तुकडा बसवून त्यावर टेकवायचा. भिंतीत लपणाऱ्या बाजूंना, सांध्याला आणि विशेषतः पायाच्या कापलेल्या तोंडाला लाकूड टिकवणारं औषध दोन हात, कारण कापलेलं तोंड स्पंजासारखं पाणी ओढतं. आमचे वडील डांबर लावायचे. ओल अडवायला ते आजही वाईट नाही, पण त्यावर रंग धरत नाही, म्हणून फक्त लपणाऱ्या बाजूला.

उरलेल्या जुन्या लाकडात बारीक, तिरकी, खाली उतरणारी भोकं वीतभर अंतरावर पाडून सिरिंजनं वाळवीचं औषध सोडता येतं. लेबलवर लाकडासाठी वापरा असं लिहिलेलं असेल तेच. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, पोरांना आजीकडं पाठवा. रॉकेलमध्ये कालवून भरायची जुनी पद्धत आहे. देवघराच्या किंवा चुलीच्या आसपास ती अजिबात नको, रॉकेल मुरलेली चौकट ही वात आहे.

कृषी औषधांच्या दुकानातली पिकावरची बाटली आणून घरात फवारणारे बरेच बघितले. करू नका. आणि उरलेलं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणं तर जिवावरचं आहे. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायच्या नादाला न लागता मूळ बाटली लेबलासकट घेऊन सरळ दवाखाना गाठा.

इथं थांबा, माणूस बोलवा

एकापेक्षा जास्त खोल्यांत चालू नळ्या असतील तर चौकटीवरची मलमपट्टी पुरणार नाही, जमिनीवरच काम करावं लागतं. तुळई, खांब किंवा वासे ठोकल्यावर पोकळ वाजत असतील तर आधी टेकू आणि इंजिनियर, वाळवीवाला नंतर. त्या खोलीत झोपू नका. स्विचबोर्डातून माती निघत असेल तर मेन बंद करून वायरमन बोलवा, वायरच्या पाइपातून वाळवी आरामात फिरते. तिथं औषध मारणं तुमचंही काम नाही, माझंही नाही. शेजाऱ्याची आणि तुमची भिंत एकच असेल, जुन्या गल्ल्यांत तशी असतेच, तर दोघांनी मिळून करा. नाहीतर ती नुसती घर बदलते.

परसात आड किंवा विहीर असेल तर जमिनीत औषध स्वतः कधीही ओतू नका. ते झिरपून पाण्यात गेलं की परत काढता येत नाही. येणाऱ्या माणसाला विहीर आधी दाखवा. दाखवूनही तो "काही होत नाही" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

धंदा म्हणून कीड नियंत्रण करायला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. तो बघायला मागा, लाजू नका. औषध कोणतं ते विचारा. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असेल तर त्याचा वाळवीला वास येत नाही, ती त्यातून चालत जाते आणि अंगावरचं पुढं इतरांना लावते. जुनी माणसं अजून अल्ड्रिनचं नाव काढतात, त्यावर बंदी येऊन जमाना झाला. तयार घरासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. त्यात फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर ३० सेंटिमीटर अंतरानं साधारण १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर औषधपाणी भरायचं, मग सिमेंटनं बुजवायचं, अशी रीत आहे. टेप घेऊन मोजा. भोकं पाडायच्या आधी पाण्याचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते त्याला दाखवा. भोकं न पाडता पाठीवर पंप लावून खोल्यांच्या कडांना फवारा मारून, पाच वर्षांचं हमीपत्र देऊन गेलेला माणूस मी बघितलाय. हमीपत्र नंतर वाळवीनंच खाल्लं, हे खरंच झालंय, टेबलाच्या खणात होतं ते.

शहापूरला एवढं काही लागलं नाही. पाइप दुरुस्त झाला, भिंत दिवाळीपर्यंत वाळली, मी चौकटीचा पाय कापून ग्रॅनाइटवर घेतला, त्याची मजुरी अर्थातच घेतली नाही. पेन्सिलीच्या तारखेशेजारी दुसरी तारीख टाकली. यंदा मृगाच्या पावसानंतर आठव्या दिवशी जाऊन ठोकून बघितलं, आवाज भरीव होता. तिसरी तारीख टाकून आलो. आजींनी ती भिंत रंगवायची ठेवली आहे.